डीबीएस ऑपरेशन आणि माझे डोळे

पार्किन्सनच्या पेशंटला भेटायला आलेलं माणूस आधी हात बघतं. थरथर कमी झाली का, चालता येतंय का, जेवता येतंय का. डोळ्यांचं कोणी विचारत नाही. माझं डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत बारीक तारा घालून बॅटरीने सतत करंट द्यायचं ऑपरेशन, होऊन वर्ष उलटून गेलं, या काळात ऑपरेशन करावं का म्हणून विचारणाऱ्यांचे कितीतरी फोन आले आणि त्यातल्या एकानेही डोळ्यांचा विषय काढला नाही, म्हणून मीच तो काढतेय. माझा निम्मा आजार डोळ्यांत होता.

मी सांगलीची. सगळी नोकरी एका पतसंस्थेत हिशेबाच्या टेबलावर गेली, म्हणजे दिवसभर आकडे. निदान झालं ते उजव्या हाताच्या थरथरीवरून, पण त्याच्या आधीपासून लेजर वाचताना माझी ओळ चुकायला लागली होती. डावीकडे खातेदाराचं नाव, उजवीकडे शिल्लक, मधे तीन-चार कॉलम. नावावरून नजर उचलून शिल्लकेवर न्यायची तर ती मधेच, व्याजाच्या कॉलमला थांबायची. मग परत पुढे ढकलायची, परत थोडी कमी पडायची, आणि तिथवर पोचेपर्यंत आपण वरच्या ओळीत आहोत का खालच्या हेच कळायचं नाही. मी पट्टी ठेवून वाचायला लागले. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून दिला, मग परत बदलून दिला, मग प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला चष्मा, घ्या म्हणाले, तोही घेतला, तर जिना उतरताना पायरी खाली-वर दिसायला लागली. नंबर बरोबरच होता हो. नजर हलत नव्हती.

पुढे दुसरंही सुरू झालं. पुस्तक हातात घेतलं की अक्षरं दोन-दोन, एक डोळा झाकला की एक. लांबचं मात्र एकच दिसायचं, टीव्हीला काही त्रास नाही. आणि पापणी लवायचीच नाही. साधारण माणसाची पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा तरी लवते, माझी बराच वेळ उघडीच, त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरायचं आणि नणंद म्हणायची, वहिनी, अशी टक लावून काय बघताय.

याचा उलगडा बऱ्याच वर्षांनी मुंबईच्या न्यूरोलॉजिस्टनी केला. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत जात नाही, ती छोट्या छोट्या उड्या मारते. या उडीला ते सकाड म्हणतात. पार्किन्सनमध्ये ही उडी तोकडी पडते आणि उशिरा सुरू होते. त्यातही गंमत अशी की समोर अचानक काही चमकलं, कोणी आडवं आलं तर डोळा बऱ्यापैकी पटकन जातो, पण आपल्या मनाने, आठवणीने अमुक ठिकाणी न्यायचा म्हटला की अडतो. चालतानाही आमचं असंच असतं, सपाट फरशीवर पाय चिकटतो आणि फरशीवर पट्टे आखले की उचलतो. जवळचं दोन-दोन दिसतं त्याचं कारण वेगळं, जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात आणि ते पुरेसे वळत नाहीत. हे सगळं आजाराचाच भाग आहे असं एकदा कोणीतरी तोंडाने सांगितलं, मला तेवढ्यानेच केवढं बरं वाटलं.

डीबीएसचा विषय निघाला तोवर आजाराला आठ-नऊ वर्षं झाली होती. सिंडोपा, म्हणजे पार्किन्सनची नेहमीची गोळी, दर तीन तासांनी. गोळी चढली की अंग वळवळायचं, मान, खांदा, पाय सगळं नाचायचं, आणि उतरली की खुर्चीतून उठवत नसे. मधला चांगला काळ आखडत आखडत जेमतेम राहिला होता. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, गोळीचा तुम्हाला फायदा होतोय पण तो टिकत नाहीये, अशांनाच या ऑपरेशनचा उपयोग होतो.

त्याआधी बऱ्याच तपासण्या. सगळ्यात वाईट ती गोळीची चाचणी. आदल्या रात्रीपासून गोळी बंद, सकाळी लाकडासारखं झालेलं अंग घेऊन जायचं, मग ते बोटं जुळवायला लावतात, मूठ उघडझाप, उठून चालायला लावतात, मार्क देतात, मग मोठा डोस देऊन तासाभराने तेच सगळं पुन्हा. गोळीने किती टक्के फरक पडतो ते बघतात, कारण साधारण गोळीने जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं, थरथर तेवढी अपवाद, ती गोळीला दाद देत नसली तरी डीबीएसने कमी होऊ शकते. त्या दिवशी डॉक्टरांनी माझे डोळेही बराच वेळ तपासले. एक बोट वर धरलं, एक खाली, आणि म्हणाले, मी सांगेन तसं पटापट वर-खाली बघा. डावी-उजवीपेक्षा वर-खालीच जास्त वेळ करून घेतलं. मी विचारलं हे कशासाठी. तर म्हणाले पीएसपी नावाचा एक आजार सुरुवातीला अगदी पार्किन्सनसारखा दिसतो, त्यात डोळ्यांची वर-खालची, खास करून खालची उडी मंदावते आणि पुढे नजर खाली जाईनाशीच होते, माणूस सारखा पडतो, आणि त्या आजारात डीबीएसचा उपयोग होत नाही. तुमची उडी तोकडी आहे पण वेग चांगला आहे. म्हणजे ऑपरेशन होणार का नाही यात माझ्या डोळ्यांचाही कौल होता. मला ते फार पटलं. ज्यांच्याकडे डोळे न तपासताच तारीख देतायत त्यांनी हे जरूर विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच हॉस्पिटलात नजरेच्या हालचालींवर अभ्यास चालू होता, एक तरुण डॉक्टर मुलगी करत होती, मला विचारलं भाग घ्याल का, मी लगेच सही केली. अंधाऱ्या खोलीत हनुवटी एका टेकूवर ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं, समोर स्क्रीन आणि खाली डोळ्यांवर रोखलेला कॅमेरा. आधी सोपं, ठिपका जिकडे जाईल तिकडे बघायचं. मग ठिपका एका जागी नुसता चमकून विझतो, तुम्ही मधेच बघत राहायचं आणि मधली खूण गेली की त्या रिकाम्या जागी नजर न्यायची, आठवून. मग सगळ्यात अवघड, ठिपका उजवीकडे आला की डावीकडे बघायचं, डावीकडे आला की उजवीकडे. मला कळत होतं उलटं बघायचंय, मनात घोकत होते, उलटं उलटं, तरी ठिपका आला की डोळा तिकडेच जायचा आणि मग माघारी फिरायचा. ती मुलगी म्हणाली मावशी, सगळ्यांच्याच चुका होतात यात, पार्किन्सनमध्ये जास्त होतात. नंतर तिने ग्राफ दाखवला. आठवून बघायच्या पाळीला माझी नजर एका झेपेत न जाता जिन्याच्या पायऱ्यांसारखी गेली होती, एक बारकी उडी, एक अजून बारकी, आणि मग कुठे ती जागा. लेजरवर मी जे सांगत होते ते इथे रेघेत काढलेलं होतं. नवऱ्याला म्हटलं, बघा, खोटं नव्हते बोलत.

ऑपरेशनच्या दिवशीचं सगळं सांगत बसत नाही, त्यावर बऱ्याच जणांनी सांगितलेलं आहे. केस काढतात, डोक्याला चार स्क्रूंनी फ्रेम बसवतात, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, टोचताना दुखतं आणि मग नुसता दाब जाणवतो. सीटी काढून तो आधीच्या एमआरआयवर बसवतात आणि त्यावरून जागा ठरते. माझी जागा होती सबथॅलॅमिक न्यूक्लियस, मेंदूच्या अगदी आत, दोन्ही बाजूंना एकेक, काही मिलिमीटरचीच. फ्रान्सच्या ग्रेनोबल गावात बेनाबिद नावाच्या सर्जननी १९८७ मध्ये थरथरीसाठी थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागात असा सततचा करंट देणं सुरू केलं, आणि १९९३ मध्ये पार्किन्सनसाठी या न्यूक्लियसमध्ये. त्याच्या थोडं आधी, १९९० मध्ये, अमेरिकेत डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर दाखवलं होतं की पार्किन्सनमध्ये हा भाग जास्त चेकाळलेला असतो आणि त्याला शांत केलं की हालचाल मोकळी होते. ऑपरेशनच्या आधी लेकीने मला हे सगळं वाचून दाखवलं होतं, मला स्वतःला सलग वाचता येत नव्हतं.

मला जागंच ठेवलं होतं. बारीक सुई आत जाताना तिथल्या पेशींचा आवाज स्पीकरवर येतो, नुसती खरखर, आणि न्यूक्लियस लागला की ती खरखर एकदम दाट होते. डॉक्टर माझं मनगट हलवून आवाज बदलतो का ऐकत होते. या न्यूक्लियसमध्ये हातापायाच्या हालचालीला उत्तर देणाऱ्या पेशी असतात तशा नजरेच्या हालचालीला उत्तर देणाऱ्याही असतात, माकडांवरच्या अभ्यासात ते दिसलेलं आहे. म्हणजे हात आणि डोळा यांचा कारभार त्या एवढ्याशा जागेत शेजारी शेजारी चालतो. आणि मग खरी परीक्षा, करंट देऊन बघणं. डाव्या बाजूचं काम चालू होतं. न्यूरोलॉजिस्ट माझ्यासमोर येऊन बसले, हातात पेन. करंट वाढवत नेला, उजव्या हाताची थरथर थांबली, मूठ सुटली, मी म्हटलं हलकं वाटतंय. ते म्हणाले थांबा, अजून वाढवतो, आता पेनाच्या टोकाकडे बघा, एक आहे का दोन? एकच होतं. अजून वाढवलं. आणि एकदम पेनाची दोन पेनं झाली, एकमेकांपासून सरकत लांब गेली, डावा डोळा कोणी नाकाकडे ओढतंय असं झालं. मी ओरडलेच, दोन, दोन. त्यांनी लगेच कमी केला आणि पेनं परत एक झाली. मी घाबरले होते पण ते खूश दिसले, म्हणाले जेवढ्या करंटवर हे झालं तो आपल्याला लागणाऱ्या करंटपेक्षा बराच वर आहे, म्हणजे तार बरोबर जागी बसलीये.

नंतर त्यांनी समजावलं. न्यूक्लियसच्या आतल्या आणि खालच्या अंगाला डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या नसेचे तंतू असतात, करंट तिकडे सांडला की त्याच बाजूचा डोळा ओढला जातो आणि दोन-दोन दिसतं. बाहेरच्या अंगाला मेंदूतून खाली जाणाऱ्या तंतूंचा जाड पट्टा आहे, तिकडे सांडला की विरुद्ध बाजूचं तोंड ओढलं जातं, जीभ जड होते, आणि कधी दोन्ही डोळे मिळून एका बाजूला वळतात. डोळ्याला काय होतंय त्यावरून तार कुठल्या बाजूला सरकलीये हे त्यांना कळतं. काही पेशंटची तार ग्लोबस पॅलिडस या दुसऱ्या जागी घालतात, तिथे खालून दृष्टीचे तंतू जातात, तार फार खाली गेली तर त्यांना डोळ्यांसमोर प्रकाश चमकल्यासारखा दिसतो. म्हणून जागेपणी ऑपरेशन असेल तर जे दिसतंय, जसं दिसतंय, ते तिथल्या तिथे सांगायचं. डॉक्टर कामात आहेत, कशाला त्रास द्यायचा, असं करायचं नाही. बॅटरी नंतर पूर्ण भूल देऊन गळपट्टीच्या हाडाखाली बसवली.

दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला आणि सूज कपाळावरून उतरत पापण्यांवर आली, डोळे नीट उघडेनात. नवरा हादरला. ही टाक्यांची सूज असते, थोड्या दिवसांत जाते, हे आम्हाला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. आणि बॅटरी चालू करायच्या आधीच थरथर बरीच कमी झाली होती, तार घालताना आतल्या पेशींना जो धक्का बसतो त्याने काही दिवस असं होतं, मग परत जुनं येतं. माझंही परत आलं.

काही आठवड्यांनी मशीन चालू केलं. प्रत्येक तारेला खाली चार टोकं, एकेक दीड मिलिमीटरचं, कुठल्या टोकातून किती करंट द्यायचा ते बाहेरून टॅबलेटवर ठरवतात. सेकंदाला १३० ठोके, एक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, हे आकडे बहुतेकांचे तिथूनच सुरू होतात, खेळ असतो तो टोकांचा आणि करंटचा. पहिल्या दिवशी फार छान गेलं. मी कॉरिडॉरमधून नवऱ्याच्या पुढे चालत गेले आणि ते मागून म्हणाले, अगं हळू.

पुढच्या एका भेटीत करंट वाढवला, तिथे बसल्या बसल्या सगळं ठीक होतं. घरी आल्यावर संध्याकाळी टीव्ही लावला तर बातम्यांची पट्टी दोन. समोरच्या इमारतीची गच्ची दोन. हे आधीसारखं नव्हतं, आधी फक्त जवळचं दोन दिसायचं, आता लांबचंही, आणि हे करंट वाढवल्यावरच सुरू झालं होतं. ओळखीच्या एकांनी सांगितलं की मेंदूला सवय होईल, थांबा थोडं. मला ते पटेना, मी न्यूरोलॉजिस्टना फोन केला. त्यांनी बोलावून घेतलं आणि खोलीतच आधी डावी बाजू बंद करून बघितली, दोनाचं एक झालं. म्हणजे दोष त्या बाजूच्या करंटचा. मग खालचं टोक सोडून त्याच्या वरचं घेतलं, करंट हळूहळू चढवला, प्रत्येक पायरीला भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख विचारली, एक का दोन. शेवटी हातही मोकळा राहिला आणि तारीखही एकच राहिली. अर्ध्या तासाचं काम. ज्यांना मशीन चालू झाल्यावर किंवा करंट वाढवल्यावर दोन-दोन दिसायला लागलंय, त्यांनी मोतीबिंदू असेल, वय झालं, असं म्हणून गप्प बसू नका, ज्यांनी प्रोग्रॅमिंग केलं त्यांनाच आधी फोन करा. बहुतेक वेळा हे टोक बदलून, करंट कमी करून सुटतं. नवीन तारांमध्ये तर करंट एका अंगाला वळवायचीही सोय असते.

सेटिंग बसल्यावर त्या मुलीने मला परत अंधाऱ्या खोलीत बसवलं. गोळी न घेता, एकदा मशीन चालू ठेवून आणि एकदा बंद करून. बंद केल्यावर काही मिनिटांत हात थरथरायला लागला, ताठरपणा त्याच्या मागून सावकाश आला. ते तासभर मला फार जड गेलं पण ग्राफ बघून चीज झालं असं वाटलं. मशीन चालू असताना आठवून बघायची उडी लांब झाली होती, पायऱ्या कमी, बहुतेक वेळा एकदोन झेपेत जागेवर, सुरू व्हायला लागणारा वेळही कमी. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची तर ती आधी बारीक बारीक हलायची, आता जास्त स्थिर. उलटं बघायच्या खेळात मात्र मी जास्त पटकन बघत होते पण चुका काही कमी नव्हत्या. ती म्हणाली यात सगळ्यांचे निकाल सारखे येत नाहीत, काही अभ्यासांत चुका कमी होतात, काहींत वाढतात.

असं का होतं हेही तिनेच सांगितलं. नजरेची उडी मारायला लावणारं एक केंद्र मध्यमेंदूत असतं, सुपिरियर कॉलिक्युलस. त्याच्यावर सब्स्टँशिया नायग्रा या मेंदूतल्याच दुसऱ्या जागेचा एक भाग सतत दाब ठेवून असतो आणि उडी मारायची वेळ आली की तो दाब क्षणभर सोडतो. हिकोसाका आणि वुर्ट्झ या दोघांनी १९८३ मध्ये माकडांवर हे दाखवलं. पार्किन्सनमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस चेकाळतो, तो या भागाला सारखा डिवचतो, म्हणून दाब नीट सुटतच नाही आणि उडी तोकडी पडते. करंटने तो डिवचण्याचा प्रकार मोडतो आणि नजर मोकळी होते. आणि दाब सैल झाला म्हणजे नको तिकडे जाणंही सोपं होतं, ते उलट्या खेळात दिसतं असं काही जण मानतात. मला हे ऐकून आपल्या डोक्यात काय चाललंय त्याचा पहिल्यांदा नीट अंदाज आला.

सगळं सुधारलं असं अजिबात नाही. जवळचं दोन दिसणं माझं डीबीएसने गेलं नाही. डोळे नाकाकडे वळत नाहीत ते अजून तितकेसे वळत नाहीत. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाचायचा वेगळा चष्मा दिला, प्रिझम घातलेला, आणि लांबचा वेगळा. प्रोग्रेसिव्ह कायमचा बंद, जिन्यावर पाय बघताना खालची काच आडवी येते. दोन चष्मे गळ्यात अडकवून फिरते. पापणी थोडी जास्त लवते पण ड्रॉप्स चालूच आहेत, दिवसातून चारदा. गोळ्या मात्र जवळजवळ निम्म्यावर आल्या आणि अंग वळवळणं गेलं, त्यामुळे पुस्तक हातात स्थिर राहतं, आणि वाचनात याचाही वाटा मोठा आहे, सगळं श्रेय नजरेला देणं बरोबर होणार नाही.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या कार्यक्रमात एक काका भेटले, त्यांचंही डीबीएस झालेलं, त्यांची अडचण वेगळीच, डोळे मिटले की पापण्या उघडतच नाहीत, बोटाने उचलाव्या लागतात. पापणीत ताकद असते पण उघडायचा हुकूम पोचत नाही. हे पार्किन्सनमध्ये तसंही होतं आणि काहींना डीबीएसनंतर सुरू होतं किंवा वाढतं. त्यांना वाटत होतं झोप येतेय. मी त्यांना म्हटलं तुमच्या डॉक्टरांना हे मोबाइलवर शूट करून दाखवा, कारण तपासायला गेलं की नेमकं तेव्हा होत नाही. सेटिंग बदलून काहींचं सुधारतं, काहींना पापणीभोवती बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. काकांना इंजेक्शन दिलं, आता बरं आहे असं त्यांच्या मुलाने कळवलं.

सध्या आमच्या बचत गटाचं वहीखातं माझ्याकडे आहे. पट्टी ठेवूनच वाचते, पण व्याजाच्या कॉलमला अडत नाही. संध्याकाळी चारनंतर आकडे थोडे पुसट व्हायला लागतात, ते गोळी उतरल्यामुळे का डोळे कोरडे पडल्यामुळे हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे रोज कधी होतं, तेव्हा गोळी किती वाजता घेतली होती आणि ड्रॉप्स घातले होते का, एवढं लिहून ठेवतेय. पुढच्या भेटीला ती वही घेऊन जाणार आहे.